सुबक आकृती काढून भागांना नावे द्या

डहाणू-तलासरीतल्या कुडाच्या भिंतीवर जो माणूस नाचतो, त्याला शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच तासाला वर्गात आणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठ्यपुस्तकातला माणूस तिथे आधीपासून उभा असतोच. ताठ, तळहात पुढे केलेले, झडती द्यायला आल्यासारखा. शास्त्रात या उभे राहण्याला फार मान आहे, पण बिचारा त्या अवस्थेत साधी चप्पलही घालू शकणार नाही. वारली माणूस मात्र आवण करतो, ताडावर चढतो, तारपा फुंकतो. वरचा उलटा त्रिकोण म्हणजे छाती, खालचा सुलटा म्हणजे कटी, आणि दोन टोके भेटतात तिथे कमरेचे 5 मणके. शरीरात हाडे 206 असली तरी माणूस कण्हतो तो बहुधा याच टोकाला हात लावून. आता समीपस्थ-दूरस्थ या संज्ञा घ्या. घोकून घोकून परीक्षेच्या सकाळी त्यांची अदलाबदल होतेच. भिंतीवरच्या तारपानाचात बोट ठेवून दाखवा : हात धडापासून निघतो, म्हणून कोपर समीपस्थ, मनगट दूरस्थ, नाचणारा गोलात कुठेही गेला, उलटा वाकला, तरी हे बदलत नाही.

यावर जाणकार म्हणतील, याला पोटच नाही! खरे आहे, आणि शहरी वाचकाला ते झोंबणारही. पण मग सूक्ष्मदर्शकाखालची मेद ऊती पाहा. काचपट्टी तयार करताना अल्कोहोल आणि झायलीन त्यातली चरबी विरघळवून टाकतात, आणि उरतात नुसती पोकळ कडी. जो मेद आपण वर्षानुवर्षे जपला, त्याला प्रयोगशाळेतही जागा नाही. भिंतीवर नाही म्हणून तक्रार कशाला?

दुसरा आक्षेप असा, की काचपट्टी खरी आणि चित्र कल्पित. पण ऊतीचा पातळ काप मुळात जवळजवळ पारदर्शक असतो. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक जांभळट निळे होते, इओसिनने पेशीद्रव्य गुलाबी. ते रंग ऊतीचे नव्हेत, रंगवणाऱ्याचे. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींनी शेणा-गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा ओढला, तोही दिसावे म्हणूनच. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना या रेषांसाठी 2011मध्ये पद्मश्री मिळाली. काचपट्टी रंगवणाऱ्या तंत्रज्ञाला सहसा नुसती सही मिळते, तीही नोंदवहीत.

यकृत-प्लीहा मात्र या त्रिकोणांत मावत नाहीत, हे मान्य. त्यासाठी 1858 साली निघालेल्या ग्रेच्या जाडजूड ग्रंथाकडेच जावे लागेल, आणि तो उचलताना पुन्हा त्याच 5 मणक्यांची आठवण होईल. म्हणून परीक्षार्थींना एवढीच विनंती : उत्तरपत्रिकेत दोन त्रिकोण काढलेत, तर भागांना नावे द्यायला विसरू नका, गुण तिथेच कापतात.