युनिटभाऊ

युनिटभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात. यजमानाला वाटतं, पाहुणा देवाचं नाव घेतोय. भाऊ पंख्याचं वय काढत असतात. "जुना आहे. पंच्याहत्तर वॅट खातो. नवे बीएलडीसी तिसात भागवतात." मग खुर्चीवर बसून विचारतात, "बिल कितलं उनं?" चहाचा विषय त्यानंतर.

असा एकेक माणूस आता तालुक्याच्या गावी दिसू लागलाय. जळगावला इंजिनियरिंग, पुण्यात आठ-दहा वर्षं नोकरी, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा पास, आणि मग आईवडिलांसाठी पाचोऱ्याला परत. एवढ्या शिक्षणाचं करायचं काय, हे गावाला उमगत नाही. "म्हणजे एमएसईबीत का?" असं अजून विचारतात. बोर्ड मोडून २००५ साली महावितरण झालं, पण मुलीकडच्यांपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. वायरमन नाही, नोकरीतला साहेब नाही. बिल कमी करून देतो म्हणतो, म्हणजे मीटरमध्ये काहीतरी करत असणार, असाही एक मतप्रवाह आहे.

भडगाव रोडवरच्या आमच्या चार मजली अपार्टमेंटमध्ये भाऊ आले ते "ऑडिट करू" म्हणत. ऑडिट शब्द ऐकताच चेअरमन पांढरे पडले. घरात जाऊन पावतीपुस्तक, गणपतीच्या वर्गणीची वही आणि दोन वर्षांपूर्वीच्या रंगकामाचा हिशेब घेऊन आले. भाऊ म्हणाले, "हे नको, जिन्यातला लाइट दाखवा." चेअरमनना इतका आनंद झाला की त्यांनी भाऊंना शेव-भाजीचं जेवणच घातलं.

जिन्यात आठ जुन्या ट्यूबा. चोकसकट प्रत्येकीचे पन्नासेक वॅट. संध्याकाळी लावायला सगळे असतात, सकाळी बंद करायला कुणीच नसतं. दिवसाचे बारा तास सूर्याला उजेड दाखवायचा खर्च रोज जवळजवळ ५ युनिट. भाऊंनी हे सभेत सांगितलं, तेव्हा घरात शंभर युनिटांवर काटा जाऊ नये म्हणून मुलाला अंधारात जेवायला लावणारे काका म्हणाले, "तो तर कॉमन मीटर आहे ना!" कॉमन म्हणजे कुणाचाच नाही, हे आमच्या बिल्डिंगच्या घटनेतलं पहिलं कलम. बिल सगळ्यांत वाटलं जातं, म्हणून बोचत नाही.

पंपाचंही तेच. टाकी भरून धो धो वाहू लागली की चारही मजल्यांवरून "टाकी वाहून राह्यली!" असा पुकारा होतो. बटणाची किल्ली तळमजल्यावर, आणि किल्लीवाले बाजारात. चार मजले चढवलेलं पाणी तसंच खाली येतं. भाऊ जिन्यात उभं राहून हे बघतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घरचं दूध उतू गेल्याचं दुःख असतं. शेवटी त्यांनी टाकीत आपोआप पंप बंद करणारा फ्लोट बसवला. पुकारा थांबला. आता लोकांना चुकल्यासारखं वाटतं.

त्यांचा खरा जीव मात्र गच्चीत. खानदेशातल्या मे महिन्यात आमचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात ओकतो. टाकी काळी, त्यामुळे दुपारी नळाला चहाचं पाणी येतं. तरी तिसऱ्या मजल्यावर गिझर सुरूच, सवय म्हणून. भाऊ तापमान मोजायची गन घेऊन गच्चीवर आले, तर कोरोनापासून शिकलेली पोरं रांगेत कपाळ पुढे करून उभी राहिली. त्यांनी स्लॅबवर चुना मारायला लावला, चिकटायला त्यात फेविकॉल. माझी आई म्हणाली, "आमच्या धाब्याच्या घरात हे काही लागायचं नाही. वर हातभर माती होती." भाऊ तिच्यापुढे मांडी घालून बसले, मातीचा थर किती, पावसाळ्यापूर्वी नवी खारी माती कधी टाकायचे, सगळं लिहून घेतलं. त्या दिवसापासून ते आईला "मॅडम" म्हणतात. आमचं वरचं घर खरंच थोडं निवलं. कूलरला आता रात्री तरी दम खाता येतो.

माणूस वाईट नाही, पण सोबतीला न्यावा असा नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, कळण्याच्या भाकरी थापणं चाललं होतं, आणि भाऊ जाळाकडे बघून म्हणाले, "यातली बरीचशी उष्णता आभाळात चालली." कुणीतरी त्यांच्या हातात ठेचा दिला, तेव्हा ते गप्प झाले.

परवा रात्री लाइट गेली. उकाड्याने अख्खी बिल्डिंग गाद्या घेऊन गच्चीवर. सगळे महावितरणच्या नावाने बोटं मोडत होते. भाऊही त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला होते. एकटेच चुन्याच्या स्लॅबवर हाताची उशी करून समाधानाने पडले होते. "बघा," मला म्हणाले, "या घडीला आपलं एकही मीटर पळत नाही."

इतक्यात खालच्या मजल्यावर कुणाचा तरी इन्व्हर्टर गुणगुणू लागला. भाऊ ताडकन उठून बसले आणि अंधारात चप्पल शोधू लागले.