हिरव्या ठिपक्याचे तात्या

कोपरखैरण्यात तात्यांना न ओळखणारा माणूस एखादा सापडेल. त्यांच्या स्कूटरपुढून एकदाही उडी मारून बाजूला न झालेला सापडणे कठीण.

तात्या मूळचे साताऱ्याकडचे. धान्याचा बाजार मशीद बंदरहून वाशीला आला, त्याच्या मागोमाग माथाडी मंडळी नवी मुंबईत आली, त्यांत तात्याही आले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, तोंडी सदैव 'माउली'. घरात झुरळ निघाले तर ते कागदावर अलगद घेऊन गॅलरीतून खाली सोडतात. तळमजल्यावरच्यांना ही भूतदया पसंत नाही, पण माळेपुढे बोलणार कोण? नातवाच्या वाढदिवसाचा केक बिनअंड्याचा असल्याची बेकरीवाल्याकडून तीनदा शपथ घेतली जाते. चायनीजच्या गाडीवर तर नुसती चौकशी चालते. कढई कोणती, झारा कोणता, मघाशी यात काय तळलेस? शेवटी काही न खाताच परत येतात.

बिस्किटाचा पुडा आधी उजेडात धरायचा, हिरवा ठिपका शोधायचा, मगच फोडायचा. मांसाहारी पदार्थांवरच्या तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला, ही बातमी आमच्या इमारतीत पहिल्यांदा तात्यांनीच आणली. पुड्यावरचा इतकासा ठिपका ज्यांना चष्म्याविना दिसतो, त्यांना ब्लू डायमंडच्या सिग्नलवरचा ताटलीएवढा लाल दिवा मात्र आजवर दिसलेला नाही.

इथे एक सांगून टाकतो. आमच्याकडे माळकरी पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक गाड्या अगदी सरळ चालवतात. दोष माळेचा नाही. तात्यांची अहिंसा उंबरठ्यापर्यंत बरोबर येते आणि स्कूटरला किल्ली लागली की घरीच राहते, एवढेच.

सिडकोने सेक्टर आखले, रस्ते रुंद केले, मधे दुभाजक घातले. तात्यांच्या मते हा सगळा खटाटोप बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. तीन टाकीहून घरी यायला पुढे जाऊन वळसा घ्यावा लागतो. तात्या घेत नाहीत. "पेट्रोल काय फुकट मिळतं?" म्हणत उलट्या बाजूने सुसाट निघतात आणि समोरून नियमाने येणाऱ्यालाच हातवारे करून बाजूला घेतात. हेल्मेट आहे, पण ते पायापाशी आणि त्यात मेथीची जुडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने उलट दिशेने गाडी चालवणे हे धोकादायक चालवण्यातच धरले आहे. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. मी हे तात्यांना ऐकवले. ते म्हणाले, "ते दारू पिऊन, मटण खाऊन चालवणाऱ्यांसाठी. तामसी आहारानं रक्त तापतं, मग हात सुटतो."

रविवारी सकाळी त्यांच्या मागे बसणे हा वेगळाच अनुभव आहे. वाटेत मटणाचे दुकान लागते. टांगलेला बकरा तात्यांना बघवत नाही. म्हणून दुकान आले की ते मान फिरवतात, डोळे घट्ट मिटतात आणि "रामकृष्णहरी" म्हणत वेग वाढवतात. दुकानासमोरची रांग तोवर फुटपाथवर चढलेली असते. नेहमीच्या गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. नवखा असेल तर त्याची पिशवी उडते.

खैरणे गावातले आमचे एक आगरी दादूस शाळेची व्हॅन चालवतात. त्यांच्या घरी सोमवार नाही, गुरुवार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असली तरी सुकट, सोडे आणि बोंबलाची बरणी असतेच. पण व्हॅन चालवतात ती अशी, की आतल्या पोराच्या डब्यातले वरण सांडू नये. तात्या डावीकडून कट मारून गेले, की ते काच खाली करून एवढेच म्हणतात, "तात्या, गारी जरा हलू चालवा ना." तात्यांना त्यांची मनापासून दया येते. "माणूस चांगला आहे हो, पण खातो."

मागच्या श्रावणात व्हायचे ते झालेच. मासळीबाजाराजवळ तात्या उलटे शिरले, समोरून डोक्यावर पाटी घेतलेली मावशी आली, ब्रेक लागला तो पाटी पडल्यावर. मावशीचे कोपर खरचटले. कोलंबी रस्त्यावर, बोंबील हेल्मेटातल्या मेथीवर आणि एक तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात.

"अरे मेल्या," मावशी कडाडली, "मेलेली मासळी किती वेळा मारशील?"

लोक जमले. पाटीचे पैसे मोजल्याशिवाय सुटका नव्हती. ज्यांनी जन्मात अंडे विकत घेतले नव्हते, त्यांनी भर श्रावणात, सोमवारी, अख्खी पाटीभर मासळी खरेदी केली. वर घासाघीसही केली. तेवढ्यात मागून व्हॅन आली. दादूस उतरले, आधी मावशीच्या कोपरावर पाणी घातले, तिला बसवले, मग मासळी निवडून पिशवीत भरली. "पैसे तुमी दिले, जेवाया या," असे आग्रहाचे आमंत्रणही देऊन गेले.

तात्या घरी येऊन तीन वेळा अंघोळ करून बसले. माळ गोमूत्राने धुतली. आठवडाभर सगळ्यांना तीच कहाणी: माळेला मासळीचे पाणी लागले, श्रावण बाटला. मावशीच्या कोपराचा उल्लेख एकदाही नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ती का मधे आली? बघून चालायला नको?"

त्या दिवसापासून मात्र तात्यांनी मासळीबाजाराचा रस्ता कायमचा सोडला. आता ते शाळेच्या रस्त्याने जातात, तोही उलटाच. शाळा साडेबाराला सुटते. पोरांना आणायला जाणाऱ्यांनी रस्ता एकेरी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, दोन्हीकडे बघूनच पाऊल टाकावे.