ओटीपी कोणालाही सांगू नका, आम्हाला सांगा

प्रति,
आरोग्याची अ‍ॅप बनवणारे समस्त ज्ञात-अज्ञात साहेब,
मुक्काम बहुधा बेंगळुरू



पत्रास कारण की, आपल्या कृपेने बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले आम्ही निवृत्त टर्नर, फिटर, मोल्डर म्हातारपणी अडाणी ठरलो आहोत. उभी हयात मायक्रोमीटर हातात धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला. पन्नाशीला सीएनसी मशीन आले तेव्हा पोरांच्या बरोबरीने प्रोग्रॅम शिकलो. त्या वेळी आमचे वय कोणी काढले नाही, कारण माल वेळेवर जायचा होता. आता स्वतःच्या शुगरचा रिपोर्ट बघायचा म्हटले की घरातून आवाज येतो, "तुम्हाला न्हाई जमायचं ओ आबा, द्या की हिकडं."

आपण काही केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. सप्टेंबर २०२१मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि 'आभा'चा १४ आकडी नंबर मिळू लागला. त्याआधी टाळेबंदीत, एप्रिल २०२०मध्ये, ई-संजीवनीची ओपीडी उघडली. सरकारी डॉक्टर घरबसल्या फुकट दिसू लागला. कितीतरी दवाखान्यांत आता क्यूआर कोड स्कॅन केला की केसपेपरची रांग टळते. गुडघे गेलेल्या माणसाला रांग टळणे म्हणजे काय, हे आपल्याला उमगले. आभारी आहोत. आता थोडे पुढचे.

आपल्या एका अ‍ॅपमध्ये (नाव घेत नाही, त्याच्या आईबापांना वाईट वाटेल) दुसऱ्याच पानावर प्रश्न येतो : 'राज्य निवडा.' साहेब, १९५६पासून आम्ही सीमाभागातली माणसे दुसरे काय मागतोय? मोर्चे झाले, लाठ्या झाल्या, २००४पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. २०२३मध्ये महाराष्ट्राने इथल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देऊ केली, तर कर्नाटकाने हरकत घेतली. म्हणजे आमच्यावर इलाज कोणी करायचा, यावरही दोन सरकारांत वाद. आणि आपण तो प्रश्न एका बोटावर सोडवायला सांगता, शिवाय खाली लाल अक्षरांत लिहिता की ही जागा रिकामी सोडता येणार नाही! आमच्या शेजारच्या मोल्डरमामांनी चष्मा पुसला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि फोन खिशात घातला. म्हणाले, "घाई नको. कोर्टाचं बघू या."

त्यांचा अंगठाही आपल्या यंत्राला पसंत नाही. साच्याची वाळू दाबून, ओतकामाचे गरम जॉब उचलून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीने अंगठा पुसून घेतला, ओल्या फडक्याने चोळला, डावा करून पाहिला, उजवा करून पाहिला. यंत्र लाल ते लालच. हा माणूस राबला याचा याहून चोख पुरावा दुसरा कुठला असेल? पण तो पुरावाच आपल्याकडे बाद. मग वाकडी अक्षरे ओळखून 'मी यंत्रमानव नाही' असे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी सिद्ध करायचे. जन्म यंत्रापाशी गेला, तरी एवढा संशय कोणी घेतला नव्हता.

आता ओटीपी. मेसेज म्हणतो, हा नंबर कोणालाही सांगू नका. त्याच क्षणी काउंटरवरून विचारणा होते, "ओटीपी काय आला, सांगा." बँकवाले, पोलीस, वर्तमानपत्रे सगळे बजावतात की सांगाल तर फसाल. नाही सांगितला तर तपासणी अडते. आणि बहुतेकांचा ओटीपी येतो कुठे, तर पुण्याला. कारण आधारला नंबर मुलाचा जोडलेला. मुलगा मीटिंगमध्ये. तो फोन उचलेपर्यंत आपले पान वेळ संपली म्हणून मिटते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला 'तुमची वेळ संपली' असे तोंडावर सांगायला जिगर लागते, ती आपल्यात आहे.

राहिली शिकवणी. घरोघर ती एकाच पद्धतीने होते : नातू फोन हिसकावतो, टकाटक चार ठिकाणी बोट मारतो, "झालं बघा, सोप्पंय" म्हणतो आणि निघून जातो. अशाने शिकवले असते तर उद्यमबागेत एक बोल्ट बनला नसता. आमच्या मिस्त्रींनी पहिले काही दिवस भंगारातला तुकडा लेथच्या चकमध्ये लावून दिला होता. बिघडव म्हणाले, हवा तेवढा बिघडव. हात मागे बांधून बाजूला उभे राहायचे, चुकत असलो तरी हँडलला स्वतः हात लावायचे नाहीत. आपल्या अ‍ॅपमध्ये असा भंगाराचा तुकडा कुठे आहे? खोटा रुग्ण, खोटा डॉक्टर, खोटी अपॉइंटमेंट, जिथे काहीही दाबले तरी पैसे जात नाहीत आणि रिपोर्ट पुसत नाही? इथे पहिलाच घाव खऱ्या जॉबवर, तोही स्वतःच्या रक्तदाबाच्या. हात थरथरला की म्हणणार, वय झाले.

म्हणून आग्रहाचे आमंत्रण. एकदा सवडीने या. खानापूर रोडने तिसरे रेल्वे गेट ओलांडले की कोणालाही विचारा. आधी चहा होईल, मग आपल्याला लेथवर उभे करू. सूचना सगळ्या कन्नड आणि इंग्रजीत असतील, अक्षर मुगाएवढे. हँडल हातात देऊ, काढून घेणार नाही. फक्त दर दोन मिनिटांनी मेन स्विच बंद करून सांगू, "वेळ संपली, साहेब. पहिल्यापासून सुरू करा."

आपला,
एक निवृत्त टर्नर
उद्यमबाग, बेळगाव