थांबते, पण बंद होत नाही

मर्सिडीज-बेन्झच्या ज्या बांधणीला कारखान्यात डब्ल्यू 123 म्हणतात, तिच्या 1976 ते 1985 या काळात सर्व प्रकार धरून सुमारे 27 लाख मोटारी तयार झाल्या, आणि त्यांतली डिझेलवर चालणारी 240 डी ही मोटार जर्मनीत टॅक्सी म्हणून राबत असताना भारतात मात्र सात पिढ्यांच्या श्रीमंतीचा पुरावा मानली गेली. एकाच वस्तूने एका देशात भाडे मारावे आणि दुसऱ्या देशात भाव खावा, यात त्या वस्तूचा दोष नाही. पण अशी वस्तू चाळीस वर्षांची झाल्यावर तिचा मालक ज्या थाटात प्रवासाला निघतो, त्याचा अभ्यास करायचा तर नागपूर ते मोहाडी हा रस्ता पुरेसा आहे.

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे तालुक्याचे गाव भंडारा-तुमसर रस्त्यावर असून, तेथील चौंडेश्वरी देवीच्या दर्शनाला नवरात्रात दूरदूरची माणसे येतात, विशेषतः कोष्टी समाजातली, कारण चौंडेश्वरी ही विणकरांची देवी. नागपुराहून निघालेल्या दुधी रंगाच्या 240 डीमध्ये अशा प्रसंगी साधारणतः मालक, त्यांच्या पत्नी आणि एक भाचा असे तिघे असतात. त्यांपैकी मालक गाडीविषयी बोलतात, पत्नी बोलत नाहीत आणि भाचा ऐकून घेतो. मौद्याजवळ कन्हानचा पूल येईपर्यंत जर्मन पोलादाची थोरवी सांगून होते. भंडाऱ्याहून उत्तरेकडे वळून गाडी वरठीत शिरली की सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना दिसतो, आणि मोटारींसाठी लागणारे मिश्रपोलाद येथेही तयार होते ही माहिती भाचा देतो, तेव्हा मालक काच वर करतात. पुढे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. बांधी म्हणजे पाणी साठवण्यासाठी चारही बाजूंनी धुरे घातलेले धानाचे शेत; अश्विनात धान निसवलेले असते आणि प्रवासातला खरोखर पाहण्याजोगा भाग हाच असतो, पण त्या वेळी गाडीत इंजिनाच्या आवाजाविषयीचे विवेचन चालू असल्यामुळे तो कोणी पाहत नाही.

देवळाजवळच्या मोकळ्या जागेत गाडी उभी राहते, मालक किल्ली फिरवून काढतात, खिशात टाकतात, उतरतात, दार लावतात, आणि इंजिन पूर्वीइतक्याच समाधानाने चालू राहते. न सुरू होणाऱ्या मोटारीला लोक धक्का देतात. न बंद होणाऱ्या मोटारीला काय द्यावे हे ठरलेले नसल्यामुळे ते सल्ला देतात. "बंद करा ना जी, डिझेल फुकट जरून रायला," असे नारळवाला म्हणतो. मालक खिशातली किल्ली काढून दाखवतात व गाडी बंदच केलेली आहे असे सांगतात. "मंग वाजून काय रायला जी?" या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे, पण ते त्या क्षणी मालकांपाशी नसते.

ते उत्तर असे की, पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते, म्हणून किल्लीने वीज तोडली की ते विझते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते, तिथे ठिणगीचा संबंध नाही, आणि म्हणून ते थांबवायचे तर डिझेलच तोडावे लागते. ट्रॅक्टरमध्ये यासाठी एक घुंडी असते, ती ओढली की पंपाकडून नोझलांना जाणारे डिझेल बंद होते. नोझल म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा सोडणारी तोटी. परंतु बेन्झच्या मालकाने घुंडी ओढावी हे त्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नसल्यामुळे, 240 डीमध्ये हे काम निर्वाताकडे, म्हणजे हवा ओढून घेतल्याने निर्माण होणाऱ्या ओढीकडे सोपवलेले आहे. इंजिनावर बसवलेला एक लहान पंप ही ओढ तयार करतो. किल्ली फिरवली की ती एका बारीक नळीवाटे डिझेलपंपाच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचते, पडदा दांडी ओढतो आणि इंजिन शांत होते. येथपर्यंत सारे ठीक आहे. पण तीच ओढ ब्रेक हलका करते, आणि चालकाचे दार कुलूपबंद केले की बाकीची दारे, डिकी व डिझेलच्या टाकीचे झाकण यांची कुलपेही तीच लावते. म्हणजे एकत्र कुटुंबातल्या पिठाच्या डब्याप्रमाणे एकाने गुपचूप हात मारला की उपाशी भलताच राहतो. मागच्या दारातला चाळीस वर्षांचा रबरी पडदा फाटतो, आणि त्या दारामुळे इंजिन बंद होत नाही. ऐषाराम म्हणतात तो बहुधा हाच: घुंडीचे काम दाराच्या कुलपातून फिरवून आणणे.

मालक नागपुरातल्या एका वातानुकूलित कार्यशाळेला फोन लावतात. तेथून गाडी उचलून आणण्याचा सल्ला आणि तिच्या वयाविषयी सहानुभूती मिळते. दरम्यान भाच्याने रस्त्यापलीकडच्या टपरीतून मिस्त्रींना आणलेले असते. मिस्त्री बोनेटवरच्या चांदणीकडे पाहत नाहीत, बोनेट उघडतात, आत वाकतात आणि म्हणतात, "हे तं ट्रॅक्सचंच इंजन होय जी!"

हे उद्गार अपमानकारक असले तरी खरे होते. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, डाइम्लर-बेन्झच्या परवान्याने ओएम 616 हे 2.4 लिटरचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन 1980 च्या दशकात भारतात बनवायला घेतले, आणि 1987 चा टेम्पो ट्रॅव्हलर व त्यामागून आलेली ट्रॅक्स यांच्या पोटात ते बसले. 240 डीच्या पोटातही हेच घराणे आहे. त्याआधी 1954 पासून टाटांच्या टेल्को या कंपनीच्या मालमोटारी टाटा-मर्सिडीज-बेन्झ या जोडनावाने रस्त्यावर होत्या. तेव्हा दाराला लोंबकळणाऱ्या माणसांसह बाजाराला जाणारी काळी-पिवळी ट्रॅक्स आणि दर्शनाला आलेली दुधी बेन्झ या सख्ख्या बहिणी निघाल्या, आणि मालकांना आयुष्यात प्रथमच नातेवाईक भेटूनही आनंद झाला नाही.

मिस्त्रींनी डिझेलपंपाजवळची एक दांडी बोटाने दाबली आणि इंजिन थांबले. दांडीवर 'स्टॉप' असे लिहिलेलेही होते. जर्मन अभियंत्यांना आपल्या निर्वातावर मालकांइतका विश्वास नव्हता, हे यावरून सिद्ध होते. पुढचा शोध पद्धतशीर झाला. कुलपांकडे जाणाऱ्या नळ्या एकेक सुटी करून मिस्त्री ती तोंडात धरत, हवा ओढत आणि जिभेचे टोक नळीच्या तोंडावर टेकवत: जीभ नळीला चिकटून राहिली तर पुढचा मार्ग अभंग, सुटली तर गळका. पाठ्यपुस्तकांत याच कामासाठी काट्याचा हातपंप सांगितलेला आहे, पण तत्त्वात काही फरक नाही. तीन नळ्यांना जीभ चिकटली, मागच्या डाव्या दाराच्या नळीला चिकटली नाही. जवळच्या विणकराच्या घरून मागावरची बांबूची काडी आली, मिस्त्रींनी तिचे टोक चाकूने तासले, नळीच्या रबरी सांध्यात घट्ट बसवले, इंजिन सुरू करून मिनिटभर चालू दिले आणि किल्ली मालकांच्या हाती दिली. किल्ली फिरली, इंजिन बंद झाले. नारळवाल्याने "आता कसा," म्हटले आणि पत्नी त्या दिवशीचे पहिले वाक्य बोलल्या, ते असे की, आरती सुरू झाली आहे.

जुन्या डिझेल बेन्झमधून या बाजूला येणाऱ्यांनी घर सोडण्यापूर्वी बोनेट उघडून 'स्टॉप'ची दांडी कुठे आहे ते पाहून ठेवावे, दारे लागायला उशीर करू लागली तर तीच पहिली सूचना समजावी, आणि मोहाडीत अडचण आल्यास बेन्झच्या मिस्त्रीची चौकशी न करता ट्रॅक्सच्या मिस्त्रीची करावी. काडी बसवल्यानंतर मागचे डावे दार तेवढे हाताने लावावे लागते.