सहा चाकांचे साडू

आमच्या साडूंच्या स्कूटरचं मागचं चाक दिवाळीपासून पंक्चर आहे. ते काढून आणायला साडूंना सवड नाही, कारण दिवाळीपासून ते चाकंच बसवताहेत. सहा. एकाच गाडीला.

साडू बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं हास्यक्लबात हसतात, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीला रडवतात. साडू प्लॅस्टिकच्या रेसिंग गाड्या जोडतात. त्यांना ‘खेळणं’ म्हटलं की साडू चष्मा काढून पुसतात. म्हणजे राग आला. ‘स्केल मॉडेल’ म्हणायचं.

सध्या टेबलावर आहे ती टायरेल पी-३४, १९७६ सालची फॉर्म्युला वन गाडी, विसास एक प्रमाणात. मागे दोन थोराड चाकं आणि पुढे चार चिमुकली. “हिला सहा चाकं कशाला?” असं मी एकदा सहज विचारलं आणि माझा चहा गार झाला.

“अहो, तेव्हा नियमानं गाडीचं नाक दीड मीटरपर्यंतच रुंद. पुढची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी डोकावायची आणि वारा अडवायची. हिच्या डिझायनरनं, डेरेक गार्डनरनं, काय केलं? दहा इंची रिमची चाकं घेतली आणि नाकाआड लपवली. पण लहान चाकाची रस्त्यावर पकड कमी. म्हणून दोनाच्या जागी चार!”

“म्हणजे दोन साहेब काढून चार कारकून घेतले,” मी म्हणालो.

चष्मा पुसला गेला.

“स्वीडनच्या शर्यतीत, १३ जून १९७६ला, पहिला शेक्टर, दुसरा डेपाये. दोन्ही गाड्या ह्याच!” हे साडू अशा आवाजात सांगतात, की तिथे अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर चाकांचे नट यांनीच आवळले असावेत. ती शर्यत सोडली तर या गाडीनं पुन्हा कधी पहिला नंबर काढला नाही, हे मात्र ते खाली बघत सांगतात. मोठे टायर सुधारत गेले, हे चिमुकले मागे राहिले आणि १९७७चा हंगाम संपल्यावर गाडी घरी बसली. नंतर गाडीला एकूण चारच चाकं असावीत असा नियमही आला.

“बघा,” साडूंच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या ताई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “त्या लोकांनी दोन वर्षांत गाडी चालवली, जिंकली आणि बंदही केली. ह्यांना खोका आणून तिसरं वर्ष लागलंय.”

पहिलं वर्ष रंगात गेलं. थिनर विमानानं मागवता येत नाही, म्हणून साडू नाना पेठेत गेले. दुकानदारानं विचारलं, “कुठल्या गाडीचा निळा?” “टायरेल.” “नवीन आलीय का? किती लिटर देऊ?” “पंचवीस मिली.” दुकानदारानं गल्ला बंद केला. शेवटी रंग मिळाला, तोवर पाऊस लागला. दमट हवेत लॅकर मारला की त्यावर दुधाळ साय धरते. त्यामुळे घरात वाळवणं, लोणची आणि टायरेल या तिन्ही गोष्टी पाऊसपाणी बघून ठरू लागल्या.

दुसरं वर्ष इंजिनात गेलं. कॉसवर्थचं तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. म्हणजे प्लगच्या आठ वायरी. त्या खोक्यात नव्हत्या. साडूंनी जुना चार्जर सोलून केसाएवढ्या तारा काढल्या. तो चार्जर जुना नव्हता, ताईंचा होता. मग ब्रेक-क्लचची पेडलं रंगवली, त्यांवर सुईच्या टोकानं झिजल्याच्या खुणा केल्या. कवच बसल्यावर ही पेडलं जन्मात कुणाला दिसणार नाहीत. मी तसं म्हटलं, तर साडू शांतपणे म्हणाले, “तिजोरीतल्या नोटा तरी कुठे दिसायच्या? पण मोजाव्या लागायच्याच ना?”

आणि या दिवाळीत पुढचा एक टायर हरवला. रुपयाच्या नाण्याएवढा, रबरी. चिमट्यातून सुटला, टणकन उडाला आणि गेला. साडूंनी रोखीत तूट आल्यासारखं घर सील केलं. केरसुणी फिरवायला बंदी झाली. सोफा उलटा झाला, कामवाल्या मावशींची सुपली चाळली गेली, माझ्या पँटच्या दुमडीही तपासल्या गेल्या. टायर नाही तो नाहीच. शेवटी परदेशातल्या एका भल्या माणसानं त्याच्या मोडक्या मॉडेलचा टायर टपालानं पाठवला. त्या टपालखर्चात स्कूटरला दोन नवे टायर आले असते.

गुढीपाडव्याला गाडी पूर्ण झाली. निळी, पिवळ्या पट्ट्यांची, नाकावर तीन नंबर. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. कौतुक म्हणून ताई चटणी वाटायला उठल्या. मी पाणी प्यायला आत गेलो, तर ओट्यावरच्या मिक्सरच्या एका पायाखाली काहीतरी काळं, गोल, ओळखीचं दिसलं.

“तो होय?” ताई म्हणाल्या, “दिवाळीत फ्रिजखाली सापडला. मिक्सरचा एक बूट गेला होता ना, नेमका बसला.”

स्वीडन जिंकणारा टायर पाच महिने खोबरं वाटत होता. मी साडूंच्या चष्म्याकडे बघितलं. तो जागचा हलला नाही. साडूंनी मिक्सर चालू केला आणि ओट्याशी डोळा लावून वाकले. तिन्ही मूळ पाय थरथरत सरकू पाहत होते, चौथा मात्र तसूभर हलत नव्हता.

“पकड बघा!” साडू कुजबुजले. “गार्डनर बरोबर होता.”

मग त्यांनी व्हर्नियर आणला, मिक्सर उलटा केला, बराच वेळ मापं घेतली आणि ताईंना म्हणाले,

“पुढच्या बाजूला चार बसतील.”