ठोसा एक, हंगाम दोन

‘वन पंच मॅन’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा नायक सैतामा कुणालाही एकाच ठोशात लोळवतो. २०१९च्या दुसऱ्या हंगामात तो ठोसा थेट प्रेक्षकांनाच बसला. २०१५चा पहिला हंगाम मॅडहाउस स्टुडिओचा; त्यातली परग्रहावरच्या बोरोसशी झालेली शेवटची मारामारी बघताना डोळ्याचं पातं लवत नव्हतं. दुसरा जे. सी. स्टाफकडे गेला, दिग्दर्शकही बदलला. सैतामाचा सायबोर्ग चेला जेनोस, त्याच्या धातूच्या हातांवर अशी चकाकी फासली, की गडी नुकताच कल्हई करून आणलाय असं वाटावं. हाणामारीत तर पात्रांपेक्षा कॅमेऱ्याचीच दमछाक जास्त.

खरं सांगायचं तर वीरांची शिकार करत फिरणारा गारू झकास उतरलाय. टोप घालून, दुसऱ्याच्या नावावर स्पर्धेत घुसलेला सैतामाही हसवतो. पण गोष्ट रंगात आली आणि बारावा भाग संपला! गारूला राक्षस उचलून घेऊन गेले ते गेलेच. तिसरा हंगाम यायला २०२५ उजाडलं.

मारामारीच बघायची असेल तर याच गोष्टीचा युसुके मुराताने काढलेला मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, हातात घ्या. ती चित्रं कागदावर छापलेली असूनही दुसऱ्या हंगामापेक्षा जास्त पळतात.