कायमस्वरूपी नाना

बाजारात मंदीची चाहूल लागली की व्यापारी नवा माल भरणे थांबवतात, सावकार वसुलीस माणसे धाडतात आणि सरकार एखादी समिती नेमून स्वस्थ होते. परंतु पुण्याच्या पेठांतून वास करणाऱ्या एका विशिष्ट वर्गाच्या गृहस्थांना नेमक्या याच समयी विलक्षण उत्साह चढतो, हे निरीक्षण अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात माझ्या वाचनात आलेले नाही. हे गृहस्थ सेवानिवृत्त असतात, दरमहा निवृत्तिवेतन घेतात, आणि दुसऱ्याच्या मुलाने कोणता पेशा पत्करला असता तो आजन्म निर्धास्त राहील याविषयी त्यांची मते मुलगा जन्मण्यापूर्वीच पक्की झालेली असतात. तेजीच्या दिवसांत त्यांना कुणी विचारीत नाही, म्हणून ते मंडईतल्या भावांवर टीका करून कालक्रमणा करतात. मंदी आली की त्यांच्या ओट्यावर चपलांची रांग लागते. आमचे नाना हे या वर्गाचे मुकुटमणी.

नाना जिल्हा कोषागारात 1965 साली रुजू झाले आणि 2002 साली, सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा न ओढवून घेता, सेवानिवृत्त झाले. पहिल्या नेमणुकीचा हुकूम त्यांनी चौकटीत बसवून देवघरात लावला आहे. गजाननाच्या डाव्या बाजूस तो असतो, आणि सकाळी गंध लावताना त्याच्या काचेवरही एक बोट उमटते. घरातील मंगलकार्यांचा कालनिर्णय ते शकाने वा सनाने करीत नाहीत. थोरलीची मुंडावळ पाचव्या वेतन आयोगात बांधली गेली आणि धाकट्याची मुंज चौथ्यात उरकली, असे ते सांगतात, आणि ऐकणाऱ्यालाही साल बरोबर कळते. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचे असते, त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालतात. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारदरबारी मान्य व्हावे, यात त्यांना कमीपणा तर वाटत नाहीच, उलट ज्यांना असा दाखला कुणीच मागत नाही त्यांच्या अस्तित्वाविषयी ते जरा साशंक असतात.

सल्ला मागण्यास आलेल्या उमेदवाराची तपासणी ते तीन प्रश्नांत करतात. कायम आहे का? पेन्शन आहे का? आणि काढून टाकायचं म्हटलं तर किती वर्षं लागतात? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भारतीय राज्यघटनेतील मूलभूत हक्कांविषयी नानांचे ज्ञान बेताचेच आहे, परंतु सरकारी नोकरास चौकशीवाचून बडतर्फ करता येत नाही असे सांगणारे 311 वे कलम त्यांना मुखोद्गत असून, घटनासमितीने बाकीचा मजकूर या कलमाला प्रस्तावना म्हणून लिहिला असावा अशी त्यांची समजूत आहे. दोषारोपपत्र, त्यावरील खुलासा, खातेनिहाय चौकशी, चौकशी अधिकाऱ्याची बदली, नव्या अधिकाऱ्याकडे दफ्तर न पोहोचणे, आणि एवढ्यात संबंधिताचे नियत वयोमान पूर्ण होणे, हा क्रम ते सांगू लागले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक शांत, सुशीतल आयुष्य उभे राहते.

स्थैर्याची ही ओढ त्यांनी कुठून कमावलेली नाही; ती वडिलोपार्जित आहे. नानांच्या आजोबांकडे कुळकर्णी वतन होते. वतन म्हणजे यावच्चंद्रदिवाकरौ चालणारी वस्तू, असा त्या घराचा पिढ्यानुपिढ्यांचा भरवसा; आणि 1950 च्या कायद्याने ते खालसा झाले तेव्हा चंद्र व दिवाकर दोघेही आपापल्या जागी रुजू होते. वडील पोस्टात. जागतिक मंदीत, 1931 साली, सरकारी नोकरांच्या पगारास शेकडा दहाची कात्री लागली, तिची झळ त्यांना पोहोचली. मामा गिरणगावात जॉबर होते आणि लोक अंगाला कापड लावायचे थोडेच थांबणार आहेत, हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. लोक थांबले नाहीत. जानेवारी 1982 मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि मग गिरण्याच थांबल्या. घरातील दोन पिढ्यांचा एवढा पुरावा समोर असता दुसऱ्या कोणी शाश्वत उपजीविका या कल्पनेचाच नाद सोडला असता. नानांनी त्यातून निष्कर्ष काढला तो असा की, वतन, पोस्ट आणि गिरणी वगळता चौथी जागा शोधली पाहिजे.

ही चौथी जागा ते दर मंदीस नव्याने शोधतात, आणि खेदाची गोष्ट ही की ती त्यांना दर वेळी सापडते. देशाचे सोने 1991 साली परदेशी गहाण पडले तेव्हा त्यांनी आळीतील झाडून सारी मुले बँकेच्या परीक्षांस बसवली. त्यांतली बरीच लागलीही. दहा वर्षांनी त्याच बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि देशभरातील लाखभर माणसे एका वर्षात घरी आली. नानांच्या मुलांतली दोन त्यात होती. नाना डगमगले नाहीत. स्वेच्छेने गेले ते स्वेच्छेने गेले, त्यात बँकेचा काय दोष, असे म्हणून त्यांनी डी.एड्. कडे मोर्चा वळवला.

हे डी.एड्. प्रकरण जरा विस्ताराने सांगण्यासारखे आहे, कारण नानांच्या विचारपद्धतीचे सर्व गुण त्यात एकवटले आहेत. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपयांवर काढायची, की पुढे नोकरी कायम. आणि पोरं जन्माला यायची थांबणार आहेत का, हा त्यांचा बिनतोड सवाल. या सवालाला उत्तर नसल्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य नानांनी तो एकाच सुमारास विचारला. तालुक्यातालुक्यांत, गुरांच्या बाजारालगत, साखर कारखान्यांच्या आवारांत, डी.एड्. ची विद्यालये उघडली. जमिनी विकून प्रवेश घेतले गेले. लग्नाच्या बाजारात डी.एड्. झालेल्या मुलीचे पारडे बारा एकर बागायतीच्या वर गेले. पुढे ऑक्टोबर 2011 मध्ये सरकारने राज्यभर तीन दिवस पटपडताळणी केली. पोरे जन्माला यायची थांबली नव्हती हे खरे. परंतु हजेरीपटावरील लाखो पोरे मुळात जन्मालाच आली नव्हती, असे त्या तीन दिवसांत निष्पन्न झाले. पाठोपाठ 2012 साली शिक्षकभरती बंद पडली, आणि पदविका घेऊन बसलेल्यांच्या फौजेला पुढे पात्रता परीक्षेची आणखी एक चाळण लागली. सगळ्या गावाने एकाच झाडाखाली आसरा घेतला की झाडाखालीही भिजायला होते, ही साधी गोष्ट नानांच्या हिशेबात कधी आली नाही. किंवा आली असेल. परंतु ज्याला सल्ला द्यायचा तो समोर एकटाच बसलेला असतो, आणि एकट्या माणसाला गर्दी दाखवता येत नाही.

तथापि नानांच्या कारकीर्दीतील परमोच्च क्षण हा नव्हे. तो 2008 चा. त्या वर्षी सहाव्या वेतन आयोगाचे वारे वाहू लागले होते, कर्मचाऱ्यांच्या घरी फरकाच्या रकमांचे आकडे कागदावर मांडले जात होते, आणि त्याच सप्टेंबरात, पंधरा तारखेस, अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही पेढी दिवाळखोरीत निघाली. हिंजवडीत जाण्यासाठी नवे बूट घेऊन बसलेल्या मुलांना रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्याची पत्रे येऊ लागली. नंतर तारखेच्या जागी ‘यथावकाश’ एवढाच मोघम अर्थ उरला. एरवी नानांना पाहून फटफटीचा वेग वाढवणारे हे तरुण एकेक करून ओट्यावर आले. नानांनी कुणालाही हिणवले नाही. त्यांनी चहा सांगितला, चष्मा पुसला, आणि लेहमनविषयी बारकाईने चौकशी केली.

“कधीची पेढी म्हणालास?”

“1850 ची, नाना.”

“म्हणजे एकशे अठ्ठावन्न वर्षं. आणि माणसं घरी पाठवायला किती दिवस लागले?”

“लोक त्याच दिवशी खोकी घेऊन बाहेर पडत होते.”

“त्याच दिवशी!” नाना बराच वेळ स्तब्ध राहिले. “साधी खातेनिहाय चौकशीसुद्धा नाही?”

त्या दिवसापासून पुढील तीन वर्षे नानांचा शब्द आळीत प्रमाण होता. त्यांचे भाकीत गेल्या वर्षीच्या पंचांगासारखे असते. त्यातील ग्रहणे सगळी खरी, फक्त होऊन गेलेली. पण घाबरलेल्या माणसाला होऊन गेलेल्या गोष्टीचाच आधार वाटतो, आणि नानांपाशी होऊन गेलेल्या गोष्टींचा साठा मोठा आहे.

सांप्रत नानांनी पुढची खोली स्पर्धापरीक्षेच्या मुलांना कॉट बेसिसवर दिली आहे. खोलीत तीन खाटा, एक टेबल, भिंतीला टेकवलेले ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’चे गठ्ठे, खिडकीच्या गजाला वाळत घातलेले टॉवेल, आणि दारामागे मेसचे डबे. तिघेही मराठवाड्यातले, एकाने तिशी ओलांडली आहे. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा अडतीस, ही बाब नाना त्याला धीर देण्यासाठी सांगतात आणि त्याला ती धमकी वाटते. तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांना 2023 साली दहा लाखांवर अर्ज आले, तेव्हा हा मुलगा त्यांत होता. एवढ्या उमेदवारांतून जे निवडले जातील त्यांचे कल्याण होवो. पण या साऱ्या उमेदवारांवर क्लासवाले, अभ्यासिकावाले, मेसवाले आणि दर महिन्याच्या पाच तारखेस भाडे मोजून घेणारे घरमालक यांची उपजीविका अशी बेतली आहे की या पेठांत खरोखर सुरक्षित नोकरी कुणाची, हे मला विचाराल तर मी त्या खोलीच्या दाराकडे नव्हे, दाराच्या मालकाकडे बोट दाखवीन. नाना या अर्थप्राप्तीला धंदा म्हणत नाहीत. ‘पोरांची सोय’ म्हणतात.

अलीकडे मात्र त्यांना काही धक्के बसले. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, या घटनेचे दुःख त्यांनी कसेबसे पचवले होते. अशा कर्मचाऱ्यांशी ते हळू आवाजात बोलतात. परंतु ज्या टेलिफोन खात्यातील जावई मिळाल्यावर पूर्वी लोक पत्रिका पाहत नसत, त्या खात्याच्या वारस कंपनीतून 31 जानेवारी 2020 रोजी एका दिवसात अठ्ठ्याहत्तर हजार माणसे स्वेच्छानिवृत्त झाली, आणि दोनच महिन्यांत करोनाने राज्य सरकारी नोकरांचा मार्चचा पगारही दोन हप्त्यांत विभागला. पगार, आणि हप्त्यांनी! त्या हादऱ्यात नाना एवढे विचलित झाले की त्यांनी आयुष्यात प्रथमच खाजगी व्यवसायाची शिफारस केली: केशकर्तनाची. केस काही मंदी पाहून वाढत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ते म्हणत असताना शहरातील सर्व केशकर्तनालयांना सरकारी हुकमाने कुलपे होती आणि खुद्द नानांचे केस कॉलरवर आले होते.

गेल्या दिवाळीत शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी फराळाचे ताट घेऊन आली. सनदी लेखापाल झालेली, बोलायला चटपटीत. नानांनी तिची तपासणी सुरू करण्यापूर्वीच तिने त्यांना विचारले, “नाना, तुम्ही एवढं सगळ्यांना सांगता, पण तुम्ही स्वतः ट्रेझरी कशी निवडलीत?”

नानांनी चकलीचा तुकडा मोडला. मित्राबरोबर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये गेलो होतो, म्हणाले. नाव त्याचं घालायचं होतं, कारकुनाने माझंही लिहून घेतलं. त्याला बोलावणं आलं नाही, मला आलं. त्या वयात मला खरं म्हणजे पेटीवादक व्हायचं होतं.

इतक्या वर्षांत ही हकीकत आळीत कुणालाच ठाऊक नव्हती, कारण इतक्या वर्षांत कुणी विचारलेच नव्हते. क्षणभर मला वाटले, आता ते काही निराळे बोलतील. पण नाना सावरले, आणि तिच्या नोकरीकडे वळले.

“तू कुठं असतेस सध्या?”

“दिवाळखोरीत, नाना.”

नानांच्या हातातली चकली ताटात पडली. मग तिने समजावून सांगितले की 2016 साली त्यासाठी स्वतंत्र संहिता झाली, बुडालेल्या कंपन्यांची प्रकरणे न्यायाधिकरणापुढे चालतात, धनकोंचे दावे तपासावे लागतात, मालमत्तेची मोजदाद करावी लागते, आणि तिची कचेरी हेच काम करते. मंदी आली की कंपन्या बुडतात. कंपन्या बुडाल्या की तिच्याकडे कागदांचे गठ्ठे येतात.

नानांचा चेहरा हळूहळू उजळू लागला. वतनात, पोस्टात, गिरणीत, बँकेत आणि शाळेत जे मिळाले नाही ते अखेर इथे होते: मंदीने जिचे काही वाकडे होणार नाही, उलट जिला बरकतच येईल अशी जागा. त्यांनी तिच्याकडून खटल्यांची मुदत विचारून घेतली. तीनशे तीस दिवसांची मर्यादा आहे, पण बहुतेक प्रकरणे त्यापुढेही रेंगाळतात, हे ऐकून ते प्रसन्न झाले. एवढ्यात त्यांच्या कपाळावर जुनी आठी उमटली. ते खुर्चीत पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“सगळं ठीक आहे गं. पण ही मंदी कायम आहे का? तसं कुणी लेखी दिलंय?”